पहाटे पळणारा प्रोग्राम आठ वाजता का झोपतो: कळमन्याच्या काट्यावरचं टेन्सरफ्लो प्रकरण

नागपूरच्या कळमना मार्केटजवळ एका संत्रा व्यापाऱ्याची पॅकिंग शेड आहे. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चात येतो तेव्हा तिथे पहाटे चारपासून काम सुरू होतं. व्यापाऱ्याचा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने प्रोजेक्टही होईल आणि मामांचं कामही होईल म्हणून एक छोटा प्रोग्राम बनवला. इलेक्ट्रॉनिक काट्याची केबल लॅपटॉपला जोडलेली, काटा दर सेकंदाला वजन पाठवतो, कॅरेटमध्ये फळं किती आणि त्यातली डागी किती टक्के हे काट्यावरचा माणूस टाइप करतो, आणि स्क्रीनवर किलोमागे अंदाजे भाव येतो. मागच्या हंगामाच्या वहीतून काढलेल्या नोंदींवर मॉडेल ट्रेन केलेलं, तेही टेन्सरफ्लोने, म्हणजे पायथन भाषेतून वापरायच्या गुगलच्या मशीन लर्निंग लायब्ररीने. मॉडेल म्हणजे तरी काय, एका फळाचं सरासरी वजन गुणिले एक आकडा, डागाची टक्केवारी गुणिले दुसरा आकडा, त्यात तिसरा आकडा मिळवायचा. बस.

तक्रार अशी की चारला चालू केला की प्रोग्राम झकास पळतो, साडेसहा-सातपर्यंत आकडा उशिरा यायला लागतो, कॅरेट उतरवून दुसरं चढवलं तरी स्क्रीनवर मागच्याचाच भाव, आणि आठच्या सुमारास लॅपटॉपच हँग. बंद करून परत लावला की पुन्हा झकास. मामा वैतागून म्हणाले, "काहून बे, पहाटे तर मस्त चालून राहिला होता, आता काहून अडकून राहिला?" शेडमधल्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कोणी म्हणे मार्च लागला, नागपूरचं ऊन, लॅपटॉप तापतोय, म्हणून त्याच्यासमोर कूलर लावून झाला (होळीच्या आधीच कूलर काढला म्हणून शेडमधले बाकीचे खूश, ते वेगळं). कोणी म्हणे चार जीबी रॅम पुरत नाही, आठ टाकली, तर आठचा हँग साडेनऊवर गेला, एवढाच फरक. कोणी म्हणे काट्याची केबल खराब. पोरगा माझ्या धाकट्या भावाचा दोस्त, मला दादा म्हणतो, तर तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

आता रॅम वाढवल्यावर दुखणं गेलं नाही, फक्त पुढे सरकलं, ही मोठी खूण आहे. गरमीने स्लो होणारी मशीन रॅम टाकल्याने दीड तास जास्त टिकणार नाही. म्हणजे काहीतरी साठत होतं आणि साठायला जागा मिळाली की जास्त वेळ टिकत होतं. दुसरी खूण पोराने स्वतःच सांगितली, त्याला तिचं महत्त्व कळलं नव्हतं इतकंच: चहाच्या सुट्टीत काटा रिकामा असतानाही मेमरी चढतच होती. माल येवो न येवो, काटा दर सेकंदाला शून्य पाठवत राहतो आणि प्रोग्राम दर सेकंदाला शून्याचा भाव काढत राहतो, म्हणजे साठणं मालावर नाही, प्रोग्रामच्या फेऱ्यांवर अवलंबून होतं.

कोड उघडला तर लूपच्या, म्हणजे दर सेकंदाला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत मुख्य ओळ ही होती (नावं मी मराठीत लिहितोय, पायथन ३ मध्ये तशीही देवनागरी नावं चालतात):

भाव = सरासरी * क१ + डाग * क२ + क३

आणि लगेच खाली सेशन डॉट रन, कंसात भाव. सेशन म्हणजे टेन्सरफ्लोचा गणित चालवणारा भाग, रन म्हणजे त्याला चालव म्हणणं. क१, क२, क३ हे वर सांगितलेले तीन आकडे, टेन्सरफ्लोचे व्हेरिएबल, ट्रेनिंगनंतर सेव्ह केलेले आणि इथे परत लोड केलेले. सरासरी आणि डाग हे पायथनचे साधे दशांश आकडे. व्हर्जन टेन्सरफ्लो १.१५, कारण कॉलेजात सीनियर्सचे रिपोर्ट आणि लॅबची नोट्स त्याच काळातली, आणि १.१५ पायथन ३.७ च्या पुढे चालत नाही म्हणून पायथनही जुनाच ठेवलेला.

ही ओळ वाचून कोणालाही वाटेल दोन गुणाकार, दोन बेरजा, यात हँग होण्यासारखं काय. पण टेन्सरफ्लो १ मध्ये ही ओळ गुणाकार करतच नाही. ती फक्त नोंद करते की इथे एक गुणाकार करायचा आहे, त्याला ही दोन इनपुटं आहेत, पुढे एक बेरीज आहे, तिला याचं आउटपुट जातं. अशा नोंदींचं जे जाळं बनतं त्याला ग्राफ म्हणतात: प्रत्येक क्रिया म्हणजे एक नोड, आणि नोडमधून नोडकडे जे आकडे वाहतात ते टेन्सर. काही सांगितलं नाही तर सगळे नोड एकाच डिफॉल्ट ग्राफमध्ये जमा होतात. खरं गणित होतं सेशन डॉट रन म्हटल्यावर, तेव्हा टेन्सरफ्लो मागितलेल्या नोडपासून उलटं मागे जातं, त्याला लागणारे नोड तेवढे निवडतं आणि तेवढेच चालवतं. म्हणजे घरात वायरिंग करणं आणि बटण दाबणं ही दोन वेगळी कामं, आणि आपला पोरगा पंखा लावायचा म्हटलं की दर सेकंदाला भिंत फोडून नवीन वायर टाकत होता, जुनी तशीच भिंतीत ठेवून.

त्याला हे डोळ्याने दाखवायला एक सोपी गोष्ट केली. सेशनशिवाय नुसतं भाव प्रिंट करायला लावलं, तेही सातच्या हालतीत, म्हणजे काट्याच्या सेव्ह केलेल्या रीडिंगवर तीन तास चालू दिल्यानंतर. स्क्रीनवर भाव आलाच नाही, आलं ते टेन्सर, कंसात नाव, शेप (आकड्यांची मांडणी किती गुणिले किती) आणि फ्लोट३२ (दशांश आकड्याचा प्रकार) असं लिहिलेलं, आणि नाव होतं ॲड अंडरस्कोर १९७३३ कोलन शून्य. कोलन शून्य म्हणजे त्या नोडचं पहिलं आउटपुट. आणि १९७३३? टेन्सरफ्लो एकाच नावाचे दोन नोड ठेवत नाही, पहिली बेरीज नुसती ॲड, दुसरी ॲड अंडरस्कोर १, तिसरी २. म्हणजे १९७३३ पर्यंत गाडी आली तेव्हा ग्राफमध्ये १९,७३४ बेरजा पडल्या होत्या. फेरीला दोन बेरजा, म्हणजे ९,८६७ फेऱ्या. तीन तासांचे सेकंद १०,८००. उरलेल्या नऊशे-साडेनऊशे फेऱ्या कुठे गेल्या, तर शेवटी शेवटी एका फेरीला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत होता म्हणून त्या झाल्याच नाहीत. मला त्या एका नावात अख्खं दुखणं वाचता आलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, टेन्सरफ्लो १ मधली माझी सर्वात आवडती डीबगिंगची जागा हीच आहे, नावामागचा आकडा.

मग खात्री म्हणून डिफॉल्ट ग्राफमधल्या ऑपरेशन्सची यादी मागायची आणि तिची लांबी दर मिनिटाला छापायची अशी ओळ टाकली. फेरीला किती नोड वाढतात? दोन गुणाकार, दोन बेरजा, आणि सरासरी आणि डाग हे पायथनचे आकडे असल्यामुळे टेन्सरफ्लो त्यांना आपोआप कॉन्स्टंट, म्हणजे ठरलेल्या आकड्याचे, नोड बनवतं, ते दोन. एकूण सहा. मिनिटाला साठ फेऱ्या, म्हणजे ३६० वाढायला हवेत. पहिल्या काही मिनिटांत बरोबर ३६० नेच वाढत होते. शून्य वजनासाठी परत परत शून्याचाच कॉन्स्टंट बनत होता, कारण ग्राफ बनताना टेन्सरफ्लो हा आकडा आधी आला होता का हे बघत बसत नाही.

मेमरी भरते हे इथवर समजलं, पण स्लो का होतं, कारण प्रत्येक रनला लागतात तर सहाच नोड आणि तीन व्हेरिएबल, बाकी साठ हजार पडून आहेत ना? इथे सेशन आतून काय करतं ते माहीत पाहिजे. एखादा नोड पहिल्यांदा मागितला की सेशन अख्ख्या ग्राफमधून छाटणी करतं, ऑप्टिमाइझ करतं, कुठला नोड कुठल्या डिव्हाइसवर ते ठरवतं आणि त्या मागणीपुरता एक एक्झिक्युटर, म्हणजे चालवायची तयार योजना, बनवून ठेवून देतं. पुढच्या वेळी तीच इनपुटं देऊन तीच आउटपुटं मागितली की ठेवलेला एक्झिक्युटर वापरतं, म्हणून दुसरा रन पहिल्यापेक्षा कितीतरी झटपट होतो. पण इथे दर सेकंदाला मागणी नवीन, आधी ॲड_१, मग ॲड_३, मग ॲड_५. म्हणजे प्रत्येक रन हा पहिलाच रन, प्रत्येक वेळी छाटणी सुरू होणार ती दिवसेंदिवस नाही तर सेकंदासेकंदाला मोठ्या होत जाणाऱ्या ग्राफवर, आणि वर जुने एक्झिक्युटर कधीच परत वापरात न येता मेमरीत पडून. फेरीचा वेळ ग्राफच्या आकारासोबत वाढतो आणि ग्राफ फेरीसोबत वाढतो, त्यामुळे पहिले दोन तास कोणाच्या लक्षातही येत नाही आणि नंतर एकदम अंगावर येतं.

हे लक्षात येण्याआधी पोराने काय काय करून पाहिलं होतं तेही लिहितो, कारण ते सगळे उपाय वरवर शहाणपणाचे वाटतात. फेरीच्या शेवटी भाव डिलीट केला आणि पायथनचा कचरा गोळा करणारा जीसी हाताने चालवला: काही फरक नाही, कारण पायथनचं नाव पुसलं तरी नोड ग्राफने धरून ठेवलेला आहे आणि जोवर धरलेला आहे तोवर तो कचरा नाहीच. मग दर फेरीला नवीन सेशन उघडून बंद केलं: यात एक्झिक्युटर सुटतात, पण ग्राफ सेशनचा नसतो, तो बाहेर तसाच वाढत राहतो, उलट आता प्रत्येक नव्या सेशनला अख्खा ग्राफ पहिल्यापासून द्यावा लागतो आणि व्हेरिएबल पुन्हा लोड करावे लागतात, म्हणजे आणखी स्लो. मग डिफॉल्ट ग्राफच रीसेट केला: तेव्हा क१, क२ जुन्या ग्राफमधले आणि नवीन नोड नव्या ग्राफमधले, टेन्सर एकाच ग्राफमधले पाहिजेत असा एरर येऊन प्रोग्राम पहिल्याच फेरीत पडला. दर तासाला प्रोग्राम रीस्टार्ट करायचं टायमर लावणं हा शेवटचा उपाय, आणि खरं सांगायचं तर मामांच्या दृष्टीने तो चालणारा उपाय होता, मला तो टेबलाखाली विटकर ठेवल्यासारखा... असो.

माझ्या मते मूळ घोटाळा त्याच्या शिकण्याच्या पहिल्या दिवसातच झाला. त्याने तीन आणि चार कॉन्स्टंट घेऊन बेरीज प्रिंट केली, सात येण्याऐवजी ॲड कोलन शून्य आलं, कोणीतरी सांगितलं सेशन डॉट रनमध्ये टाक, सात आला. त्यातून त्याने जो नियम काढला तो असा: जिथे आकडा पाहिजे तिथे रनमध्ये गुंडाळायचं. तो नियम उत्तर बरोबर देतो, म्हणून कोणी चुकीचा म्हणत नाही. ग्राफ बनवणं एकदा आणि चालवणं हजारदा, हा अर्धा भाग त्यात कुठेच येत नाही. गंमत म्हणजे त्याची ट्रेनिंगची फाइल एकदम बरोबर होती, कारण ती नमुना कोडवरून उतरवलेली: तिथे प्लेसहोल्डर होते (ते काय ते पुढे येतं), लॉस म्हणजे अंदाज किती चुकला तो आकडा एकदाच बनवला होता, ती चूक कमी करणारं ऑप्टिमायझरचं मिनिमाइझही लूपच्या बाहेर. मिनिमाइझ लूपच्या आत असतं तर फार वेळ टिकलं नसतं, कारण ते एकटंच मागे जाऊन प्रत्येक क्रियेचा डेरिव्हेटिव्ह काढणारे नवीन नोड ग्राफमध्ये घालतं, सहाचा प्रश्न डझनांवर गेला असता. काट्यावरची फाइल मात्र त्याने स्वतः लिहिली, आणि स्वतः लिहिताना माणूस पायथन लिहितो.

दुरुस्ती. लूपच्या आधी दोन प्लेसहोल्डर बनवले, सरासरी आणि डाग, दोन्ही फ्लोट३२. प्लेसहोल्डर म्हणजे आत आकडा नसलेला नोड, आकडा चालवताना मिळेल असं वचन. तीच ओळ, त्याच दोन बेरजा, पण लूपच्या बाहेर, एकदाच. लूपमध्ये फक्त सेशन डॉट रन, सोबत फीड डिक्ट, म्हणजे कुठल्या प्लेसहोल्डरला आत्ता कुठला आकडा त्याची डिक्शनरी. फीड द्यायचं विसरलं तर टेन्सरफ्लो गप्प बसत नाही, या प्लेसहोल्डरला व्हॅल्यू द्या असा स्पष्ट एरर येतो. व्हेरिएबल लोड किंवा इनिशियलाइझ न करता चालवलं तर अनइनिशियलाइझ्ड व्हॅल्यूचा. हे दोन एरर नवशिक्यांना शत्रू वाटतात, पण ते बरे, जे कळतं ते तरी सांगतात. लूपमध्ये नोड वाढतोय यावर मात्र कोणीही ओरडत नाही.

ओरडायला लावायची सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात. ग्राफ बनवून झाला की त्यावर फायनलाइझ म्हणायचं, एक ओळ. त्यानंतर कोणीही नवा नोड घालायला गेलं की ग्राफ फायनलाइझ झालाय, बदलता येणार नाही, असा रनटाइम एरर. आम्ही लूपच्या अगदी आधी ती ओळ घातली, आणि जुन्या रीडिंगवर चालवलं तर प्रोग्राम थोडा वेळ नीट चालून धाडकन पडला. पोराचा चेहरा पडला, मी खूश, कारण एरर आला तो वेगळ्याच जागी: एक लॉट बंद झाला की शेवटचा भाव पूर्ण रुपयात करायला त्याने टेन्सरफ्लोचं टीएफ डॉट राऊंड वापरलं होतं, तेही आतच. लॉट तासातून थोडेच बंद होतात म्हणून ती गळती माझ्या मिनिटाच्या मोजणीत कुठे दिसलीच नव्हती, फायनलाइझ नसतं तर सगळं नीट झालं समजून आम्ही लॅपटॉप शेडवर पाठवून दिला असता. राऊंडचा नोडही वर नेला (खरं तर पायथनचा साधा राऊंड पुरे होता, आणि मी असतो तर तोच वापरला असता). त्यानंतर ऑपरेशन्सची लांबी छापली तर सेव्हरचे, म्हणजे व्हेरिएबल सेव्ह-लोड करणारे, नोड धरून पन्नासच्या आत, आणि ती तिथेच खिळलेली, मिनिटागणिक तोच आकडा. मेमरीची रेघ सपाट.

एक छोटी सुधारणा त्यासोबतच झाली. स्क्रीनवर त्याला भावाची फोड दाखवायची होती, वजनामुळे किती आणि डागामुळे किती कटले, त्यासाठी तो तीन वेळा रन करायचा. रनला एकाच वेळी यादी देता येते, तिन्ही नोड एकदम मागायचे, मधले सामाईक नोड एकदाच चालतात. इथे फक्त वेळ वाचला, पण ग्राफमध्ये कुठे रँडम नोड असेल तर हा फरक उत्तरातच पडतो: एकाच रनमध्ये मागितलेल्या दोघांना एकच रँडम आकडा मिळतो, वेगळ्या रनमध्ये वेगवेगळा, आणि मग बेरीज जुळत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी मॉडेलशी ताडून पाहायचा भाग होता, तिथे प्लेसहोल्डरचा शेप मोकळा ठेवून, म्हणजे लांबीच्या जागी None (ठरलेलं नाही) ठेवून, अख्खी यादी एका रनमध्ये पाठवली. यात एक खड्डा लागला जो ग्राफ लायब्ररीत सगळीकडेच आहे. अंदाजाचा शेप ५०० गुणिले १ होता आणि खऱ्या भावांचा नुसता ५००. वजाबाकी केली तर एरर नाही, ब्रॉडकास्टिंगने दोघांना ताणून ५०० गुणिले ५०० केलं, अडीच लाख फरक, प्रत्येक अंदाज प्रत्येक भावातून वजा, आणि त्याची सरासरी हा एक वाह्यात पण दिसायला ठीकठाक असा आकडा. ग्राफ बनवतानाच प्रत्येक टेन्सरचा शेप प्रिंट करता येतो, एकही आकडा न टाकता. पायथनसारख्या डायनॅमिक भाषेच्या सवयीत आपण हा फायदा घेतच नाही.

आता स्वाभाविक प्रश्न, जो पोरानेही विचारला: "दादा, हे सगळं जुनं झालं ना, टेन्सरफ्लो २ टाकून मोकळं होऊ की." बरोबर आहे. टेन्सरफ्लो गुगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये मोकळं केलं, आधी ग्राफ मग रन ही पद्धत त्याच्याही आधी मॉन्ट्रियलच्या थियानो लायब्ररीत होती, आणि त्या पद्धतीला कारणं होती: अख्खं गणित आधी माहीत असलं की त्याचे डेरिव्हेटिव्ह आपोआप निघतात, नको ते नोड छाटता येतात, काम अनेक मशीनवर वाटता येतं, पायथनशिवायही चालवता येतं. पण लिहिणाऱ्याला त्रास. चेनर आणि मग पायटॉर्च या लायब्रऱ्यांनी उलटा रस्ता धरला, गणित करता करताच ग्राफ नोंदवायचा, आणि लोक तिकडे वळले. सप्टेंबर २०१९ च्या टेन्सरफ्लो २ मध्ये ईगर पद्धत, म्हणजे ओळ आली की लगेच गणित, डिफॉल्ट झाली, सेशन गेलं, प्लेसहोल्डर गेला, तीन अधिक चार प्रिंट केलं की सात येतो. त्याने एका रात्रीत नव्या व्हर्जनमध्ये फाइल लिहून आणली, ती चाललीही मस्त.

पण त्याने स्पीडसाठी म्हणून भाव काढणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर टीएफ डॉट फंक्शन लावलं होतं, आणि मेमरी परत चढायला लागली. मला हसू आवरेना. टीएफ डॉट फंक्शन म्हणजे तोच ग्राफ मागच्या दाराने: पहिल्या कॉलला फंक्शन ट्रेस होतं, ग्राफ बनतो, पुढचे कॉल त्या ग्राफवर चालतात. नवीन ट्रेस कधी होतो ते इनपुटवर ठरतं. टेन्सर दिला तर त्याचा टाइप आणि शेप पाहिला जातो, आतला आकडा कितीही बदलो ग्राफ तोच. पण पायथनचा साधा आकडा दिला तर आकडाच ओळख समजला जातो, १४२.५ साठी एक ग्राफ, १४२.६ साठी दुसरा, आणि सगळे साठवलेले. काट्यावरून येणारं वजन म्हणजे दर वेळी वेगळा दशांश, म्हणजे दर सेकंदाला रीट्रेस. फरक इतकाच की इथे लायब्ररी इशारा देते, मागच्या ५ पैकी ५ कॉलमध्ये रीट्रेसिंग झालं असा वॉर्निंग संदेश येतो, आणि त्याने वॉर्निंग दिसू नयेत म्हणून लॉग बंद केलेले होते. कोण बंद करत नाही.

शोधायची युक्ती सोपी: फंक्शनच्या आत पायथनचा साधा प्रिंट टाकायचा. तो फक्त ट्रेस होताना छापतो, ग्राफ चालताना नाही. एकदाच छापलं तर ठीक, दर सेकंदाला छापलं तर ग्राफ दर सेकंदाला बनतोय. (दर वेळी छापायला पाहिजे असेल तर त्यासाठी टीएफ डॉट प्रिंट वेगळा आहे.) इलाजही छोटा, आकडे आत देण्याआधी फ्लोट३२ चा टेन्सर करायचा किंवा फंक्शनलाच इनपुट सिग्नेचर, म्हणजे इनपुटचा टाइप आणि शेप, आधीच लिहून द्यायची, जी म्हणजे जुन्या प्लेसहोल्डरचीच भावंडं. त्याने सिग्नेचर लिहिली, प्रिंट एकदाच आला. मग मी म्हणालो आता टीएफ डॉट फंक्शन काढूनच टाक, चार क्रियांना ग्राफची गरजच नाही, ईगरमध्ये हे सेकंदात शेकड्यांनी होतं. ते त्याला पटायला वेळ लागला.

आणि खरं विचाराल तर टेन्सरफ्लोचीच गरज नव्हती. ट्रेन झाल्यावर उरतात तीन आकडे, ते फाइलीत लिहून ठेवायचे, भाव म्हणजे साध्या पायथनची एक ओळ, ना इन्स्टॉल ना व्हर्जनची भानगड. ट्रेनिंगसुद्धा नमपाय या पायथनच्या गणिताच्या लायब्ररीतल्या लीस्ट स्क्वेअर्सने एका कॉलमध्ये, अंदाजे नाही तर नेमकं. मी हे पोराला सांगितलं, मामांनाही सांगितलं. मामा म्हणाले, "जे पडत नाही ते लावा." पोराचं म्हणणं वेगळं, डागाची टक्केवारी माणसाने टाइप करण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या फोटोवरून काढायची पुढची पायरी आहे, तिथे ग्राफ लागणारच, आणि प्रोजेक्टच्या रिपोर्टला नावही पाहिजे. पहिलं कारण मला मान्य आहे. दुसरं मान्य नाही पण समजतं, व्हायव्हात एका ओळीच्या पायथनला कोण मार्क देतं.

मॉडेल म्हणून ते अजून कच्चंच आहे, हे त्यालाही माहीत आहे. वजन आणि डाग यापलीकडे त्या दिवशी आवक किती झाली, फळ किती पिवळं, माल काटोलचा की वरुडचा, गिऱ्हाईक बाहेरचं आहे का, यावर भाव हलतो आणि यातलं काहीच ग्राफमध्ये नाही. जेव्हा येईल तेव्हा नोड वाढतील, पण लूपच्या बाहेर.

सध्या शेडमध्ये १.१५ वाली दुरुस्त फाइल चालते, फायनलाइझच्या ओळीसकट, चारपासून लिलाव संपेपर्यंत, रीस्टार्टचा टायमर काढून टाकलाय आणि आठ जीबी रॅम उगाच पडून आहे. टेन्सरफ्लो २ वाली पोराच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आहे. आंबिया बहाराचा माल यायला लागला की दोन्ही फाइली एकाच काट्याला जोडून शेजारी शेजारी चालवायच्या आणि भाव पैशापर्यंत जुळतो का ते पाहायचं ठरलंय, त्यासाठी काट्याचं रीडिंग दोन जागी पाठवणारी छोटी स्क्रिप्ट तो लिहून राहिला आहे.